गोदामातील जलदिव्य

"आमच्या गोदामात झालेल्या चोरीचा छडा पूर्णतः शास्त्रीय व पारदर्शक पद्धतीने, कोणाही कर्मचाऱ्यावर संशय न घेता आणि कोणालाही न दुखावता लावण्यात आला आहे."

कंपनीच्या प्रवेशद्वाराजवळ काचेच्या फलकात लावलेल्या सूचनेचे हे पहिले वाक्य. एका वाक्यात इतकी असत्ये इतक्या नेटकेपणाने बसवायची तर भाषेवर प्रभुत्व लागते आणि सत्याशी वैर लागते. व्यवस्थापकांपाशी दोन्ही आहेत. तेव्हा हे वाक्य उलगडून पाहू.

'शास्त्रीय' म्हणजे राखाडी कोट घातलेल्या, बोटाबोटांत खड्यांच्या अंगठ्या असलेल्या एका गृहस्थाने काचेच्या वाडग्यात पाणी ओतले. 'पारदर्शक' होता तो वाडगा. बाकी काहीही नव्हते. 'संशय न घेता' हे खरे आहे, कारण संशय एकावर घेतला नाही, सगळ्यांवर घेतला. 'कोणालाही न दुखावता' यातील 'कोणी' म्हणजे माझ्या पत्नीची धाकटी बहीण. तिला आमच्या घरी सगळे 'धाकटी' म्हणतात. ती आता चाळिशीला आली तरी नाव काही मोठे झाले नाही. आणि 'छडा' म्हणाल, तर चोरीला गेलेल्या ड्रिल मशीनांपैकी एकही आजतागायत सापडलेले नाही.

घडले ते असे. गोदामात ड्रिल मशीनची खोकी येतात, रॅकवर चढतात आणि मागणीप्रमाणे दुकानांकडे जातात. माल हिशेबापेक्षा कमी भरू लागला. मुख्य कार्यालयातून व्यवस्थापकांना विचारणा होऊ लागली. विचारणा होऊ लागली की माणूस विचार करू लागेल असे आपल्याला वाटते. व्यवस्थापकांनी त्याऐवजी बाबाला बोलावले.

बाबा स्वतःला 'कंपनतज्ज्ञ' म्हणवून घेत असे. कामगारांनी पहिल्याच दिवशी त्याचा 'कंपनबाबा' केला. पाण्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तो दोरीला टांगलेला पितळी लोलक घेऊन साऱ्या गोदामभर हिंडला होता. रॅकच्या गल्ल्यांतून, पॅकिंगच्या टेबलांमधून, पहारेकऱ्याच्या खोलीतून, फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या चार्ज होतात त्या कोपऱ्यातल्या खोलीतूनसुद्धा. जिथे तिथे थांबून तो गोड आवाजात चौकशी करी. कोण काय करतं, कुठे बसतं, कशाला हात लावतं. लोकांना वाटले, बाबा कंपने मोजतो आहे.

परीक्षेच्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या घरातून एकेकाला साक्षीला बोलावले होते. पत्नीला शाळेतून रजा मिळेना. ती तिथे विज्ञान शिकवते. म्हणून मी गेलो. मी न्यायपद्धतींचा इतिहास शिकवतो, म्हणजे तिथे माझा काडीचाही उपयोग नव्हता.

माल उतरवतात त्या मोठ्या दारापाशी सगळे जमले होते. दार वर गुंडाळलेले, बाहेर ट्रक उभा, आत पोलादी टेबलावर तो वाडगा. नातेवाइकांना खोक्यांवर बसवले होते. पाठीमागच्यांना दिसेना म्हणून दोघे लाकडी पॅलेटवर चढले, त्यांना पहारेकऱ्याने हुसकले आणि मग तिथे तो स्वतः चढला.

"प्रत्येक वस्तूला कंपन असतं," बाबाने सुरुवात केली. "ते कंपन मालकाशी बांधलेलं असतं. तुम्ही वस्तू चोरली की ते तुमच्या तळहातात अडकतं. मग तुम्ही ती वस्तू विका, पुरा, नदीत फेका. हातातलं कंपन जात नाही! परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी हे मान्य केलंय."

"कोणत्या प्रयोगशाळांनी?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे अतीव करुणेने पाहिले. "नाव घेतलं की तिथली कंपनं बिघडतात, साहेब."

"वस्तू चोरली की अडकतं," मागून फोर्कलिफ्टवाला म्हणाला, "मग पगार झाल्यावर माझ्या हातात काहीच कसं अडकत नाही?"

हशा पिकला. व्यवस्थापकांनी मागे वळून पाहिल्यावर तो जागच्या जागी विरला.

"एकच नियम," बाबा बोट वर करून म्हणाला. "हात धुवायचे नाहीत. कामावरून उठलात तसे या. हाताला पाणी लागलं की कंपन वाहून जातं. इथे येऊन हात पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचं, 'मी घेतलं नाही.' खरं बोलणाऱ्याला पाणी ओळखतं. खोटं बोलणाऱ्याचं रक्त पाण्यात उतरतं."

ज्या पाण्याने कंपन वाहून जाते त्याच पाण्यात ते प्रकट कसे होणार, हा प्रश्न जमावात कोणाला पडला नाही. जमावाला प्रश्न पडत नाहीत. जमाव प्रश्नावर पडतो.

रांग सुरू झाली. पॅकिंगच्या बायका, माल चढवणारे, झाडूवाला. हात बुडे, वाक्य म्हटले जाई, पाणी तसेच राही. प्रत्येक स्वच्छ हातागणिक सुस्कारा आणि त्या सुस्काऱ्यामागे थोडीशी निराशा. पहारेकरी टेबलापाशी येऊन घुटमळला.

"बुडवा की मामा," फोर्कलिफ्टवाला ओरडला, "हात जळणार नाही. जळली तर नोकरी जळेल!"

"तू गप रे! तुझ्या आधी मी इथे आहे!" पहारेकऱ्याने हात बुडवला आणि पाणी स्वच्छ राहिल्यावर त्याने तो असा उंच धरला की जणू कुस्ती मारली.

मग धाकटी आली. ती फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांचे काम पाहते. बॅटऱ्यांत शुद्ध पाणी भरणे, झाकणांवर उडालेले ॲसिड पुसणे, चार्जिंगला लावणे. अबोल बाई. गोदामात ती सगळ्यांना दिसते आणि कोणाला आठवत नाही, अशी. तिने हात पाण्यात घातला.

"मी घेत..."

बोटांच्या टोकांपासून गुलाबी धागे सुटले. ते पाण्यात वळले, फुगले, एकमेकांत मिसळले आणि पाहता पाहता सारा वाडगा गडद किरमिजी झाला. तिचे वाक्य अर्धेच राहिले. तिने हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे असे पाहिले की जणू तो कोणा परक्याचा आहे.

 मग एकदम कल्लोळ झाला.

"हिनं? ही तर तोंडातून शब्द काढत नाही!"

"अशीच असतात. खाली मुंडी आणि पाताळ धुंडी!"

"मी तर हिच्याबरोबर जेवायला बसते रोज!" एक बाई म्हणाली आणि पुरावा म्हणून दोन पावले मागे सरली.

मी पुढे झालो. "हा पुरावा नाही," मी व्यवस्थापकांना म्हणालो, "हे दिव्य आहे. आरोपीच्या हातावर तापलेला गोळा ठेवायचा, कोरडे तांदूळ चघळायला द्यायचे, असले प्रकार..."

"दिव्यच, प्रोफेसरसाहेब! अगदी दिव्य!" ते रुमालाने कपाळ पुसत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका होती की तिच्यापुढे इतिहासाने काय बोलावे? धाकटीला त्यांनी केबिनमध्ये नेले. बाबाही आत गेला. माझ्या तोंडावर दार लागले.

बंद दारासमोर उभा राहून मी एवढेच करू शकत होतो की जे वाचले होते ते आठवावे. जगभरातल्या दिव्यांचा इतिहास मला ठाऊक आहे. त्या साऱ्यांत एक समान धागा आहे. गोळा किती तापवायचा हे आरोपी ठरवत नसे, देवही ठरवत नसे. भट्टीपाशी बसलेला माणूस ठरवत असे. हे सगळे मला तोंडपाठ होते. पाणी लाल का झाले, हे मात्र मला सांगता येईना.

माझ्या पत्नीला सांगता आले. ती शाळेतून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि सारे ऐकून घेतले. तिला आश्चर्य वाटले नाही, याचेच मला आश्चर्य वाटले.

"लाल म्हणजे कसा? टोमॅटोसारखा?"

"नाही. गडद गुलाबी. आधी गुलाबी, मग जास्त गडद."

"धाकटे, हात दाखव."

धाकटीला मी केबिनमधून थेट आमच्या घरी आणले होते; ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने हात पुढे केला. तळवा भेगाळलेला, कातडीवर पांढुरकी पूड धरलेली.

"हे काय आहे?"

"सोडा, ताई. धुण्याचा. ॲसिड उडतं ना हातावर. मग सोड्याच्या पाण्यात हात घालायचे, असा नियमच आहे. भिंतीवर पाटी आहे कंपनीची."

"आणि मग साध्या पाण्याने?"

"तो नळ बंद आहे गं कधीचा. मी फडक्याला पुसते. शिवाय आज तर त्यांनीच सांगितलं होतं ना, धुवायचे नाहीत म्हणून."

पत्नी हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता. "बाबा तुझ्या खोलीत आला होता काल?"

"आला होता. चांगला बोलला. 'बाई, हातांची फार हेळसांड होते हो तुमची,' म्हणाला. 'कशाने धुता?' असं विचारलं. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं."

मग पत्नीने समजावून सांगितले. शाळेच्या प्रत्येक प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन नावाच्या द्रावणाची बाटली असते. त्याचे थोडे थेंब पाण्यात टाकले तर पाणी स्वच्छच दिसते. आम्ल घातले तरी स्वच्छ. पण सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ त्यात मिसळला की ते गडद गुलाबी होते. आठवीतली मुले हे करतात आणि टाळ्याही वाजवत नाहीत, कारण त्यांना त्याचे गुण मिळवायचे असतात.

"म्हणजे त्याने मला मुद्दाम..." धाकटी म्हणाली. "पण ताई, तो मला ओळखतसुद्धा नाही. माझ्यावर कशाला डूख धरेल?"

"तुझ्यावर नाहीच धरला. सगळ्या गोदामात सोड्याचे हात फक्त तुझे. त्याला चोर शोधायचा नव्हता, सोडा शोधायचा होता. तो सापडला."

धाकटीने हळूच हात मागे घेतला. ती समजली असे आम्हाला वाटले, आणि समजली म्हणजे सुटली, असेही वाटले. नोकरी जाणार, चोर म्हणून जाणार आणि या गावात दुसरी मिळणार नाही, ही भीती आता टळली असे मी तिला त्या संध्याकाळी सांगितले. विद्वान माणसे अशी आश्वासने फार सहज देतात.

दुसऱ्या दिवशी पत्नीने शाळेतून द्रावणाची बाटली घेतली आणि आम्ही तिघे गोदामात गेलो. व्यवस्थापक आम्हाला केबिनमध्ये नेऊ लागले, पण पत्नी पॅकिंगच्या टेबलापाशीच थांबली.

"इथेच बघू या ना. पारदर्शक."

कामगार भोवती जमले. तिने काचेच्या भांड्यात पाणी ओतले, त्यात थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिले.

"साहेब, बॅटरीच्या खोलीत तुमची सुरक्षेची पाटी आहे. त्यात लिहिलंय तसे हात धुऊन येता का? फक्त सोड्याच्या पाण्यात. नळाचं विचारत नाही, तो बंद आहे."

व्यवस्थापकांना सुरक्षेच्या पाट्यांचा अभिमान होता. ते गेले, हात सोड्याच्या पाण्यात बुडवून, फडक्याला पुसून आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात भांड्यात घातला. पाणी गुलाबी झाले, मग गडद किरमिजी झाले.

"साहेब!" फोर्कलिफ्टवाला हात जोडून म्हणाला. "ड्रिल कुठे ठेवलीत तेवढं सांगा, आम्ही कुणाला बोलणार नाही!"

या वेळचा हशा विरला नाही. कालची दोन पावले मागे सरलेली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी धाकटीकडे पाहिले. ती हसत नव्हती. मला वाटले, अजून धक्क्यातून सावरली नसेल.

"आता मला एक सांगा," पत्नी वर्गात विचारते तशा आवाजात म्हणाली. "माल ट्रकमधून येतो तेव्हा मोजता का?"

"मोजतो म्हणजे काय! प्रत्येक थप्पी मोजतो. उभे थर, आडव्या रांगा, गुणाकार."

"बाहेरून?"

"थप्पीला प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, मॅडम. ते फाडायचं नसतं. माल तसाच्या तसा रॅकवर चढतो."

"म्हणजे थप्पीच्या मधली खोकी कोणी बघत नाही?"

"मधली असतातच ना!" व्यवस्थापक हसले. "बाहेरची आहेत म्हणजे मधली आहेतच."

"आणि माल कमी आहे हे कधी कळतं?"

"रॅकवरून काढून प्लास्टिक फाडतो तेव्हा."

हे उत्तर देऊन त्यांनी कपाळावरची सुरकुतीही हलवली नाही. गोदामाच्या आतून काही गेलेच नसेल, ते मुळात आतच आले नसेल, ही शक्यता टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत हळूहळू उमटत होती. ज्यांच्या डोळ्यांत ती उमटायला हवी होती, त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला होता.

"रसायन मला मान्य आहे, मॅडम," चष्मा चढवत ते म्हणाले. "बाबा लबाड असेल. असेल! पण निकाल तर खरा निघाला ना?"

"कसा खरा?"

"बाईंनी कबुली दिली आहे. काल, केबिनमध्ये. माझ्यासमोर, बाबांसमोर. मी जबरदस्ती केली नाही. विचारा त्यांना. 'मी घेतलं,' असं त्या म्हणाल्या."

पत्नीचा हात भांड्याच्या काठावर थांबला. "धाकटे?"

धाकटीने मान हलवली. होकारार्थी.

"काय म्हणालीस तू? जे म्हणालीस ते सगळं, शब्दन्‌शब्द, पुन्हा सांग. सगळ्यांसमोर."

तिने सांगितले. ते मी खाली देणारच आहे. आधी पुढचे उरकतो, कारण पुढचे थोडकेच आहे.

त्याच दिवशी तिला काढले. फलकावरची सूचना दुपारी लागली आणि तिच्या दुसऱ्या वाक्यात कबुलीतले पहिले दोन शब्द अवतरणचिन्हांत आहेत. उरलेले शब्द जागेअभावी वगळले असावेत. सूचनेखाली अर्धा कागद कोरा आहे. मी मुख्य कार्यालयाला कळवले. 'कर्मचाऱ्याने स्वतः कबुली दिल्याने विषय संपला आहे,' असे उत्तर आले. पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, कंपनीची तक्रार नाही, तर आम्ही काय करणार? वकिलाकडे गेलो. त्याने कबुली शब्दशः ऐकली, बराच वेळ पेन फिरवले आणि विचारले, "त्या असं का बोलल्या?" बॅटऱ्यांचे काम आता दुसरी बाई पाहते. नळ अजून बंद आहे. प्लास्टिक अजून फाडत नाहीत. माल पुन्हा कमी भरला, तेव्हा व्यवस्थापकांनी पुन्हा बाबाला बोलावले. तो या वेळी वाडगा आणणार नाही, नवे काही आणणार आहे, असे फोर्कलिफ्टवाल्याने मला रस्त्यात थांबवून सांगितले आणि म्हणाला, "साहेब, आम्हाला सगळं कळलंय हो. पण रांगेत उभं राहायलाच लागेल."

एखादी लबाडी उघडी पाडणे आणि ती थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकांत वाचले होते. आता पाहिले.

तरीही वाचकाला जे सांगायचे ते सांगतो, कारण सांगण्यापलीकडे माझ्या हाती काही नाही. चमत्काराकडे पाहू नका, त्याच्या अटीकडे पाहा. हात धुवायचे नाहीत, दिवा विझवायचा, पाठ फिरवायची, शंका घ्यायची नाही: प्रत्येक चमत्काराला एक अट असते आणि त्या अटीतच त्याचे यंत्र दडलेले असते. माल हरवला तर मोजा. दारात मोजा, आतली खोकी मोजा, जिथे आकडा चुकतो तिथे शोधा. हे कंटाळवाणे काम आहे आणि यात कोणाचे रक्त पाण्यात उतरत नाही. आणि रांगेत शंभर माणसे उभी करून एखाद्या भोंदूने विचारले, 'तुम्ही काही घेतले का?', तर लक्षात ठेवा, कोणाच्या ना कोणाच्या मनात काही ना काही घेतलेले असतेच. भोंदूचा धंदा पाण्यावर चालत नाही. तो प्रामाणिक माणसाच्या सदसद्विवेकावर चालतो. खऱ्या चोराला त्या वाडग्याची भीती कशाला वाटेल?

पॅकिंगच्या टेबलापाशी सगळ्यांसमोर धाकटीने दिलेली कबुली, एकही शब्द न गाळता, अशी आहे:

"मी घेतलं. चिकटपट्टीचं रीळ. पॅकिंगच्या टेबलाखाली पडलं होतं, निम्मं संपलेलं. पोरगी लहान होती तेव्हा, तिच्या पुस्तकांना कव्हरं घालायची होती आणि दुकान बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी परत ठेवीन म्हटलं, ते राहूनच गेलं. ड्रिल मी कधी हातातसुद्धा धरलेलं नाही, साहेब. पण पाणी लाल झालं तेव्हा मला वाटलं, इतक्या वर्षांनी त्याला रिळाचं कळलं. ताईनं सोड्याचं समजावून सांगितलं, ते मला पटलं. पण साहेब, सोडा नसता तरी रीळ मीच घेतलं होतं ना?"